झोळी, वार आणि वसतिगृह

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या सदाशिव, नारायण व शनिवार या पेठांतून सकाळच्या प्रहरी जो कोणी हिंडला असेल, त्याला सोवळे नेसलेली, अनवाणी, काखेस झोळी अडकवलेली व हाती आमटीसाठी पितळेचे भांडे घेतलेली दहा-बारापासून वीस-बावीस वर्षांपर्यंतची मुले एका दारातून दुसऱ्या दारी जाताना हटकून दिसली असतील. ‘ॐ भवति भिक्षां देहि’ एवढे म्हणून ती उंबऱ्याबाहेर उभी राहत, आतून कोणी गृहिणी मूठभर भात, पोळीचा चतकोर आणि पळीभर आमटी घाली, आणि नेमाची पाच-सात घरे उरकली की हीच मुले आपल्या बिऱ्हाडी किंवा देवळाच्या ओवरीत परतून, मिळाले ते देवाला दाखवून, जेवून, तासाभरात शाळेच्या अगर कॉलेजच्या बाकावर जाऊन बसत. या प्रथेला माधुकरी म्हणत. हिची सख्खी बहीण म्हणजे वार लावून जेवणे, अर्थात आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे ठरवून ज्या त्या वारी ज्या त्या घरी पान मांडून घेणे. महाराष्ट्रातील आधुनिक उच्च शिक्षणाच्या पहिल्या पन्नास-साठ वर्षांचा इतिहास विद्यापीठाच्या दप्तरात जितका सापडतो, तितकाच तो या झोळीत आणि या वारांत सापडतो.

थोर पुरुषांच्या विद्यार्थिदशेतील हालअपेष्टा हा आपल्याकडे शालेय पुस्तकांतला एक आवडता विषय आहे. रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचणारा मुलगा, एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालणारा मुलगा, परीक्षेसाठी घाट पायी ओलांडणारा मुलगा, अशी ही चित्रे पिढ्यान्‌पिढ्या मुलांपुढे ठेवली गेली आणि त्यांवरून दर वेळी एकच तात्पर्य काढले गेले, की निश्चय असला म्हणजे दारिद्र्य आड येत नाही. त्या निश्चयाविषयी मला शंका नाही. शंका आहे ती या चित्रांच्या चौकटीविषयी. कारण चौकटीबाहेर नजर टाकली तर प्रत्येक मुलाच्या मागे कोणाची तरी चूल पेटलेली दिसते, कोणी तरी आपल्या अल्प पगारातला मोठा हिस्सा मनिऑर्डरीने पाठवताना दिसतो, आणि ती चूल कोणासाठी पेटत होती व कोणासाठी पेटत नव्हती या प्रश्नाचे उत्तर शोधू गेले असता शिक्षणाचा इतिहास निराळाच दिसू लागतो.

विद्यार्थ्याचे पोट भरणे ही समाजाची जबाबदारी आहे, ही कल्पना मुळात जुन्या वेदाध्ययनाच्या व्यवस्थेतली. शास्त्रीबुवांच्या घरी शिष्य राहत, पडेल ते काम करीत, त्यांच्याच पंक्तीला किंवा गावातल्या चार घरी जेवत. आणि या व्यवस्थेला वरून राजाश्रयाचे छत्र असे. तळेगावच्या दाभाड्यांनी चालू केलेली आणि पुढे पेशव्यांनी आपल्याकडे घेतलेली श्रावणमासातील दक्षिणा हे त्या छत्राचे सर्वांत झगझगीत रूप होते. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात देशोदेशीचे ब्राह्मण जमत, शास्त्र्यांची परीक्षा होई आणि योग्यतेप्रमाणे, पुढे पुढे योग्यतेखेरीजही, रुपये वाटले जात. १८१८ साली राज्य गेले तरी एल्फिन्स्टनसाहेबाने ही दक्षिणा एकाएकी बंद केली नाही. रक्कम आटोक्यात आणून तिच्यातीलच पैशावर ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली आणि तेथील विद्यार्थ्यांस सरकारातून वेतन मिळू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लोकहितवादींसारख्या तरुण मंडळींनी अर्ज करून या फंडाचा काही भाग मराठी ग्रंथांकडे वळवावा अशी मागणी केली, तेव्हा पुण्यात केवढा गहजब झाला हे सुप्रसिद्ध आहे. पुढे पाठशाळेचे कॉलेज झाले, कॉलेज १८६८ साली येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले, आणि रमण्यात वाटल्या जाणाऱ्या रुपयांचे रूपांतर दक्षिणा फेलोशिपमध्ये झाले. न्यायमूर्ती रानड्यांनी आपल्या तरुणपणी अशीच फेलोशिप भोगली होती.

परंतु फेलोशिप ही शिडीच्या वरच्या टोकाची गोष्ट झाली. खालच्या टोकाला निराळाच पेच उभा राहिला होता. इंग्रजी शिक्षण जिल्ह्याच्या गावी किंवा पुण्या-मुंबईस जाऊनच घ्यावे लागे, त्याची फी रोख द्यावी लागे, आणि ते घेऊ पाहणारी मुले बहुधा कोकणातल्या चार आणे हिश्श्याच्या खोतीवर नाही तर घाटावरच्या कुळकर्ण्याच्या तुटपुंज्या उत्पन्नावर जगणाऱ्या घरांतून येत. त्यातून पटकी आणि देवी यांनी, आणि शतकाच्या शेवटी प्लेगने, अर्ध्या घरांतला कर्ता माणूस ऐन वयात उचलून नेलेला. अशा वेळी वेदाध्ययनासाठी घडलेली माधुकरीची व वारांची जुनी रीत नव्या विद्येच्या कामी आपोआप रुजू झाली. हा योग मोठा विलक्षण होता. सकाळी सोवळ्यात भिक्षा मागणारा मुलगा दुपारी इंग्रज तत्त्वज्ञ मिलचे व्यक्तिस्वातंत्र्यावरील विवेचन वाची. ज्या धर्मश्रद्धेमुळे त्याला अन्न मिळे, तीच श्रद्धा मोडून काढणारे विचार त्या अन्नाच्या बळावर त्याच्या डोक्यात वाढत. आणि ज्या माउलीने त्याच्या झोळीत भात घातला, तिला हे कळण्याचा काही मार्गच नव्हता.

वारांचे गणित बाहेरून दिसे तितके सोपे नव्हते. सातही वार मिळणे ही भाग्याची गोष्ट. पुष्कळांचा एखादा वार कायमचा रिकामा असे आणि त्या दिवशी चणे-कुरमुरे किंवा निखळ उपास हा ठरलेला. ज्या घरी वार असेल तेथे सुतक पडले, गृहिणी बाजूला बसली, मंडळी लग्नाला परगावी गेली किंवा यजमानाची बदली झाली, तर त्या दिवसाचे पान गेले, आणि ते कळे तेही बहुधा दारात जाऊन उभे राहिल्यावर. जेवणाच्या बदल्यात काही द्यावयाचे नसले तरी काहीच न करून चालत नसे. भाजी आणून देणे, धाकट्या मुलांचे पाढे घेणे, देवपूजा सांगणे, म्हातारीला पोथी वाचून दाखवणे, अशी कामे न सांगता अंगावर येत. काही घरांत विद्यार्थ्याचे पान घरच्या मुलांच्या पानाशेजारी मांडले जाई आणि सणावारी त्यालाही गोड वाढले जाई. काही घरांत ते दाराशी मांडले जाई आणि त्यावर आदल्या दिवशीचे वाढले जाई. त्या काळच्या आत्मचरित्रांत दोन्ही तऱ्हेच्या घरांच्या आठवणी आहेत. पहिल्या तऱ्हेच्या घरांची नावे लेखक कृतज्ञतेने देतात. दुसऱ्यांची सहसा देत नाहीत. हा संयम सभ्यतेचा खरा, पण वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभे राहण्याची सल किती खोल असते तेही त्यातून उमजते.

धोंडो केशव कर्वे यांच्या आत्मवृत्तात ही सल जवळजवळ नाहीच, आणि म्हणूनच ते वाचताना मनावर अधिक परिणाम होतो. मुरूडचा हा मुलगा १८७५ साली सरकारी परीक्षेस बसण्यासाठी ऐन पावसाळ्यात, डोंगरवाटांनी, शंभरावर मैल चालून साताऱ्यास पोहोचला. परीक्षेला सतरा वर्षांची अट होती. त्याच्यापाशी वयाचा दाखला होता. पण अंगकाठी इतकी लहान, की परीक्षा समितीच्या प्रमुखाने दाखला बाजूस ठेवला आणि त्याला परत पाठवले. दुसरा कोणी असता तर त्याने येथून पुढे आपल्या दुर्दैवाचे आख्यान लावले असते. कर्वे पुन्हा तयारीला लागले, परीक्षा कोल्हापुरास जाऊन उतरले, मुंबईस येऊन शिकवण्या करीत वयाच्या तेविसाव्या वर्षी, म्हणजे १८८१ साली, मॅट्रिक झाले आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. शिकवणीतून मिळणाऱ्या दर रुपयामागे एक पैसा धर्मादायासाठी बाजूला काढण्याचा परिपाठ त्यांनी ठेवला होता, आणि हा पैसा ज्या काळात काढला जात होता त्या काळात त्यांना स्वतःलाच धर्मादाय लागू पडला असता. पुढे मुरडीच्या रघुनाथ परांजपे नावाच्या आपल्या एका नातलग मुलाला त्यांनी शिक्षणासाठी आपल्याकडे मुंबईस आणले. तो मुलगा १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाला. स्वतः वर चढल्याबरोबर खाली हात देणे ही या पिढीची एक सवयच होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

गोपाळ गणेश आगरकरांची कहाणी अधिक खडतर. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली जन्मलेल्या या मुलाने कऱ्हाडास कचेरीत कारकुनी केली, कंपाउंडरचे काम केले, शिक्षणासाठी रत्नागिरीची वाट पायी तुडवली, अकोल्यास नातलगांच्या आश्रयाने दिवस काढले आणि अखेर डेक्कन कॉलेज गाठले. एकाच सदऱ्याची सुप्रसिद्ध गोष्ट त्या कॉलेजातलीच. पण मला त्या सदऱ्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते त्यांनी आईस लिहिलेले पत्र. मुलगा मोठ्या परीक्षा देत आहे तेव्हा आता मोठ्या पगाराची चाकरी लागून आपले पांग फिटतील, अशी स्वप्ने तिने पाहू नयेत, कारण पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ लोकहितासाठी घालवण्याचे आपण ठरवले आहे, असा त्या पत्राचा आशय. चरित्रकार हे पत्र त्यागाचा पुरावा म्हणून देतात आणि तो आहेच. तथापि ज्या बाईने वर्षानुवर्षे विवंचनेत दिवस काढून मुलाची वाट पाहिली, तिने हे पत्र दुसऱ्याकडून वाचवून घेताना काय केले असेल याचा विचार मात्र कोणी केलेला आढळत नाही. मुलाच्या निश्चयाची अर्धी किंमत नेहमीच घरचे लोक भरत असत.

गोखल्यांच्या बाबतीत ही किंमत आकड्यांतच मांडता येते. १८७९ साली वडील वारले तेव्हा गोपाळ कृष्ण तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि कागल संस्थानात दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवीत. उरलेल्या सातांत स्वतःचे कुटुंब आणि आई यांचा खर्च भागवीत. हे आठ रुपये कसे खर्चावे याची गोपाळरावांना इतकी काळजी, की एका मित्राने आग्रहाने नाटकाला नेले आणि मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले तेव्हा ते फेडण्यासाठी त्यांनी दिव्याचे तेल वाचवून रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास केला, असे सांगतात. गोष्ट लोकप्रिय झाली ती कंदिलामुळे. परंतु १९११ च्या मार्च महिन्यात वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडण्यास उभा राहिलेला जो पुरुष, तो त्या कंदिलापेक्षा गोविंदरावांच्या सोडलेल्या शिक्षणावर उभा होता. थोरल्याने शाळा सोडावयाची आणि धाकट्याने ती पुरी करावयाची हा करार महाराष्ट्रातल्या हजारो घरांत बिनकागदाचा, बिनसाक्षीचा झालेला आहे, आणि त्यातल्या पहिल्या पक्षकाराचे चरित्र कोणी लिहीत नाही.

चरित्रांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगून टाकावी. वार लावून जेवलेल्यांपैकी ज्यांनी आठवणी लिहिल्या ते सारे कोठे ना कोठे पोहोचलेले लोक होते. जो मुलगा रिकाम्या वारांना कंटाळून दुसऱ्या वर्षी गावी परतला, ज्याला कोंदट खोलीत क्षयाने गाठले, ज्याने फीच्या हप्त्याला मुकून पोस्टात किंवा रेल्वेत कारकुनी धरली, त्याला आत्मचरित्र लिहिण्याचे कारण नव्हते आणि कदाचित कागदही नव्हता. तेव्हा हालांतून माणूस घडतो हा जो सिद्धान्त आपण या वाङ्मयातून काढतो तो एका बाजूच्याच साक्षीवर काढलेला असतो; कोणताही मुन्सफ असा निवाडा कायम करणार नाही.

आणि साक्ष एका बाजूची आहे ती आणखी एका, अधिक गंभीर अर्थाने. माधुकरीचे दार ब्राह्मणाच्या मुलालाच उघडत असे. कुणब्याच्या, माळ्याच्या किंवा महाराच्या मुलाने भिक्षेची झोळी घेऊन सदाशिव पेठेत उभे राहण्याची कल्पनाच त्या काळी कोणाला शिवली नसती. दारिद्र्य सर्वांना सारखे, पण दारिद्र्यातून विद्येकडे जाण्याची ही एक पाऊलवाटही वाटून दिलेली होती. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी नेमके येथेच बोट ठेवले. रयतेच्या करातून जमा झालेला पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. शिष्यवृत्त्या चढाओढीने दिल्या जातात म्हणून त्या ज्यांच्या घरी विद्या आधीच आहे त्यांच्याच पदरी पडतात. तेव्हा ज्या वर्गांत शिक्षणाचा प्रसार झालेला नाही त्यांच्यासाठी त्या राखून ठेवाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. हे निवेदन आजही वाचावे इतके ताजे आहे. त्याआधी पाच वर्षे, १८७७ च्या दुष्काळात, सावित्रीबाई, जोतीराव आणि सत्यशोधक मंडळींनी धनकवडीस दुष्काळपीडित मुलांसाठी बालाश्रम चालवून, पोटाचा आणि पाटीचा प्रश्न एकाच छपराखाली सोडवावा लागतो हे करून दाखवले होते.

मुलींना तर झोळीही नव्हती आणि वारही नव्हता. बालपणीच वैधव्य आलेल्या मुलीवर ओढवणारी आपत्ती ही केवळ अन्नाची नसे, कारण राबवून घेण्यासाठी का होईना घरात तिला दोन घास मिळत. ती आपत्ती नाव, केस, वस्त्र आणि भविष्य एकदम हिरावले जाण्याची असे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले तेव्हा तेथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखच्या जोश्यांची गोदूबाई. १८९३ साली तिने कर्व्यांशी विवाह केला आणि मुरूडकरांनी त्या जोडप्यावर बहिष्कार टाकला. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला, तो हिंगण्यास गेला, आणि फर्ग्युसनमधले गणित शिकवून झाल्यावर कर्वे चिखल तुडवीत रोज तेथे जाऊ लागले. १९१६ साली त्याच ठिकाणाहून महिला विद्यापीठाचा आरंभ झाला. या मुलींच्या पूर्वायुष्याची हकिकत हिंगण्याच्या अहवालांत दोन ओळींत आटपलेली असते, आणि ते बरेच आहे. ती विस्ताराने वाचवली नसती.

वसतिगृह हा शब्द आज आपल्याला खोल्या, खाटा आणि नोटीस-बोर्ड यांची आठवण करून देतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तो एका सामाजिक क्रांतीचे साधन होता, आणि त्या क्रांतीची राजधानी कोल्हापूर होती. राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी आधी निघालेल्या सर्वांच्या वसतिगृहात एकाच वर्गाचा भरणा झाल्याचे पाहून शाहू महाराजांनी निराळा मार्ग धरला: ज्या जातीला चूल नाही तिला तिची चूल द्यावी. १९०१ साली मराठा आणि जैन, १९०६ साली मुसलमान, १९०८ साली मिस क्लार्क यांच्या नावाचे अस्पृश्यांचे, तसेच लिंगायत, शिंपी, सोनार, सुतार अशी एकेक बोर्डिंगे उभी राहिली. दरबाराने जागा द्यावी, सालिना नेमणूक लावून द्यावी आणि कारभार त्या त्या समाजाच्या पुढाऱ्यांकडे सोपवावा, अशी ती रचना होती. जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातिभेद घट्ट केला असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि अधूनमधून आजही घेतला जातो. तात्त्विक दृष्ट्या त्यात अर्थ आहे. पण ज्या मुलाला कोणाच्याही पंक्तीला पान मिळत नव्हते, त्याच्या दृष्टीने तत्त्वाच्या आधी पान येते. आणि ते पान त्याला कोणाच्या कृपेने नव्हे तर संस्थानच्या हुकुमाने मिळत होते, हा फरक तात्त्विकांच्या ध्यानात येत नाही. पुण्यातही १९०९ साली दादासाहेब केतकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनाथ विद्यार्थी गृह काढून माधुकरीवर शिकणाऱ्या मुलांना एका छताखाली आणले, आणि पुढे मुद्रणाचे शिक्षणही तेथे दिले जाऊ लागले.

मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जे लोक गेले होते त्यांत जैन बोर्डिंगातला भाऊराव पाटील हा कुंभोजचा एक दांडगा विद्यार्थी होता. परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्याचे त्याने नाकारले, आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. पुढे ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडताना मॅट्रिकही न झालेल्या या माणसाने ग्रामीण महाराष्ट्र जितका पाहिला तितका एखाद्या कमिशनने पाहिला नसेल. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ साली ती साताऱ्यास आली, आणि धनिणीच्या बागेत महार, मराठा, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशी सर्व जातींची मुले एका चुलीवर भाकऱ्या भाजू लागली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. जे कोल्हापुरात जातवार झाले ते साताऱ्यात एका पंक्तीला झाले, आणि ते पहिल्यावाचून दुसरे झाले असते असे मला वाटत नाही.

या वसतिगृहाच्या जमाखर्चात एक रक्कम अशी आहे जी कोणत्याही वहीत नीट लिहिता येणार नाही. कोठी रिकामी झाली आणि भाऊराव फिरतीवर असले म्हणजे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई अंगावरचा एकेक दागिना मोडीत. शेवटी मंगळसूत्रही गेले. माहेरच्या कर्मठ वातावरणातून आलेल्या या बाईने सर्व जातींच्या मुलांना न्हाऊ-माखू घातले, आजारात उशापायथ्याशी बसून त्यांची शुश्रूषा केली, आणि १९३० साली ती वारली. या वसतिगृहात मोठ्या झालेल्या मुलांत पुढे बॅरिस्टर पी. जी. पाटील यांच्यासारखे प्राचार्य आणि कुलगुरू निघाले. भाऊरावांचा विशेष असा, की त्यांनी दयेला फार काळ जागा दिली नाही. मुलाने दळावे, शेतात राबावे, खडी फोडावी, इमारतीच्या भिंतींना दगड वाहावेत, आणि त्या कष्टाच्या हिशेबात शिकावे. म्हणजे तो कोणाचा मिंधा राहणार नाही. १९४७ साली साताऱ्यास निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ ही योजना उच्च शिक्षणाला लागू झाली. दुपारी घमेले उचललेल्या हातांनी संध्याकाळी तर्कशास्त्राच्या टिपणांवर लिहिणाऱ्या त्या मुलांविषयी सहज भावनावश होता येईल, पण ती स्वतः भावनावश नव्हती. कोणी कामचुकारपणा केला तर त्याला पंक्तीत टोमणे बसत, आणि टोमणा मारणाराही काल खड्ड्यावर उशिरा आलेला असे. माधुकरी मागणारा मुलगा बहुधा एकटा असतो. खडी फोडणाऱ्या मुलाच्या डाव्या-उजव्या हाताला आणखी दहा असतात. माझ्या मते रयत संस्थेच्या यशाचे मर्म श्रमापेक्षाही या संगतीत होते.

साने गुरुजींनी औंध आणि पुणे येथील विद्यार्थिदशेत उपासमार अनुभवली होती, आणि म्हणून अमळनेरच्या छात्रालयाची जबाबदारी अंगावर आली तेव्हा ते मुलांची भांडी घासत आणि कपडे धूत. याविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे उल्लेख पुरे.

अन्न मिळाले तरी एक उणीव राहतेच, ती म्हणजे वेळ आणि जागा. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सुभेदार रामजी सकपाळ रात्री दोनपर्यंत जागत, मग आपल्या मुलाला, भीमरावांना, म्हणजे पुढच्या बाबासाहेब आंबेडकरांना, उठवून अभ्यासास बसवीत आणि रिकाम्या झालेल्या जागेत स्वतः आडवे होत. पुस्तकांसाठी मुलींचे दागिने गहाण टाकणारा हा बाप १९१३ साली वारला. एल्फिन्स्टन कॉलेजात भीमरावांना सयाजीराव महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती आणि प्राध्यापक मुल्लर यांनी दिलेली पुस्तके होती; पण कॉलेजच्या उपाहारगृहाचा चालक त्यांना चहा किंवा पाणीही देत नसे. या अनुभवाचे बाबासाहेबांनी जे केले ते व्यवस्थेच्या भाषेत केले. १९२५ च्या जानेवारीत बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरास वसतिगृह उघडले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांच्या खटपटीने १९४४ च्या सुमारास अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर विद्यार्थ्यांना केंद्र सरकारच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले, त्याचे वर्ग सकाळी भरत. ज्या मुलाला दिवसा गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत पोट भरावयाचे आहे त्याच्यासाठी कॉलेजनेच आपले घड्याळ बदलावे, हा विचार वरकरणी साधा. पण त्याआधीच्या शंभर वर्षांत विद्यार्थ्याने कॉलेजसाठी काय काय बदलावे याचीच यादी होत आली होती. १९५० साली औरंगाबादेस निघालेल्या, पुढे मिलिंद नावाने प्रसिद्ध झालेल्या महाविद्यालयात मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली मुले वसतिगृहात राहिली, आणि त्यांच्यातूनच पुढच्या दोन दशकांत आपल्या बालपणाविषयी कसलीही कृतज्ञतेची पुस्ती न जोडता लिहिणारे लेखक निघाले. दुसऱ्या तऱ्हेच्या घरांची नावे न देण्याचा जुना संयम त्यांनी सोडला. मराठी आत्मचरित्राला ते फारच मानवले.

१९५५ साली पुण्यात अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती काढली तोवर वार लावण्याची प्रथा जवळजवळ मोडली होती. रेशनच्या दिवसांनी मध्यमवर्गीय घरांतली पाहुण्याची पाने कमी केली होती, वाड्यांच्या चाळी झाल्या होत्या, आणि सोवळे नेसून भिक्षा मागण्याची मुलांचीही तयारी उरली नव्हती. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाल्यावर आर्थिक दृष्ट्या मागासलेल्यांच्या मुलांना फीमाफी मिळू लागली. स्वतः चव्हाणांचे वडील लहानपणीच प्लेगने गेले होते आणि आई विठाईंनी देवराष्ट्रे व कऱ्हाड येथे हलाखीत मुले वाढवली होती. तेव्हा या सवलतीच्या फाइलीवर सही करणाऱ्याला ती कशासाठी आहे हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. गरज होती ती दाखल्याची. बापाने तलाठ्याकडून उत्पन्नाचा उतारा आणावयाचा, मामलेदार कचेरीत तो खरा करून घ्यावयाचा, शिक्का नीट उमटला नसेल तर पुन्हा तालुक्याला खेप घालावयाची, आणि इतके करून कॉलेजच्या कारकुनाने मुदत टळली म्हणून अर्ज परत करावयाचा, असे पुष्कळदा घडे. मात्र असा अर्ज नामंजूर झाला तर त्यावर वर अपील करता येई, आणि काही बापांनी ते केले.